जाळं बारीक केलं म्हणून भेग खरी ठरत नाही

भिंतीला भेग कशी पडते हे संगणकावर काढताना भिंतीचे लहान तुकडे पाडतात; त्या तुकड्यांना घटक म्हणतात आणि त्यांच्या विभागणीला जाळं. वरच्या प्रतिसादात सुचवलंय की भेग नीट उमटत नसेल तर हे जाळं आणखी बारीक करा. ताणशक्ती (ओढ सोसायची मर्यादा) ओलांडली की घटक तुटला, एवढाच नियम ठेवलात तर जाळं जितकं बारीक, तितक्या कमी भाराला भिंत फुटलेली दिसेल. कारण जाळं बारीक होईल तसा भेगेच्या टोकाशी गणितातला ताण वाढतच जातो. संशोधक हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 1976 साली यावर वाट काढली: उघडत चाललेली भेगही काही काळ ताण पेलते, आणि ती पूर्ण उघडायला दर चौरस मीटरला ठरावीक ऊर्जा लागते. बाझांट आणि ओ यांनी 1983 साली ही ऊर्जा घटकाच्या रुंदीशी जोडली. त्यानंतरच जाळ्यावरचं अवलंबन आटोक्यात आलं.

आता आपल्याकडची माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या सपाट छपराची घरं. औशाकडचं आमचं जुनं घर उतरवताना भिंत मी जवळून पाहिली. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मधे चिपा आणि माती. बाहेरचा थर पोट काढून सुटलेला, फटीत पंजा जाईल एवढी जागा, बोट लावलं की माती भुरभुर गळायची. दोन्ही थर बांधणारा आरपार दगड एकही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात अशाच भिंती जड माळवदासकट माणसांवर कोसळल्या.

ही भिंत एकसंध पदार्थ धरून मांडली, तर थर सुटणं गणितात येणारच नाही. कृपा करून दोन थर वेगळे धरा, मधल्या सांध्याला घर्षण द्या आणि ताणशक्ती जवळपास शून्य ठेवा.