हायब्रिड गाडी ‘रेडी’ होत नाही. टोचन करण्याआधी काय काय तपासू? (चोपडा)

तापीकाठ
राम राम मंडळी. स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी) एसयूव्ही आहे, वॉरंटी चालू आहे. लग्नसराईत बरेच दिवस उन्हात उभी होती. आता ब्रेक दाबून बटण दाबलं की डिस्प्ले मंद पेटतो, डॅशबोर्डमागून कटकट आवाज येतो, ‘हायब्रिड सिस्टीम तपासा’ असा मेसेज येतो आणि गाडी चालायला तयार असल्याची ‘रेडी’ खूण काही उगवत नाही. गिअर ‘पी’मधून हलत नाही. गॅरेजवाला म्हणतो मोठी बॅटरी गेली, लाखाच्या वर खर्च. ट्रॅक्टरला दोर बांधून जळगावला शोरूमला नेऊ का?

सातपुडा_सवारी
दोर आधी सोडा भो. या गाडीत पुढची चाकं मोटरला कायम जोडलेली असतात. चाकं फिरली की मोटर जनरेटर होते, आणि बंद गाडीत तिला थंड ठेवणारं काहीच चालू नसतं. न्यायचीच तर फ्लॅटबेडवर, चारही चाकं वर. धक्का मारूनही ही गाडी कधीच चालू होणार नाही.

ऑटोइलेक्ट्रिक_धुळे
दादा, तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची आहेत. मंद डिस्प्ले आणि रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कटकट, यापेक्षा स्पष्ट खूण नाही.

बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये नेहमीचा स्टार्टर आणि डायनामो नसतो. इंजिन फिरवते मोठ्या बॅटरीवरची मोटर. पण मोठ्या बॅटरीचे मुख्य रिले जोडून तिचा करंट पुढे सोडायचं काम १२ व्होल्टवर चालतं. ती बसली की मोठी पूर्ण भरलेली असली तरी उपयोग नाही. साध्या गाडीत बॅटरी उतरायला लागली की स्टार्टर रडत फिरतो, आठवडाभर आधी कळतं. इथे तसला इशाराच मिळत नाही. आदल्या संध्याकाळी ठणठणीत, सकाळी गप्प. त्यात आपल्याकडचा मे महिना! उन्हात लेड-ॲसिड बॅटरी झपाट्याने म्हातारी होते, आणि चोवीस तास जोडलेला डॅशकॅम असेल तर उरलेलं तो पितो.

मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. मग मीटर लावलेलाच ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा १० च्या खाली आपटला तर बॅटरी संपली.

बॅटरी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. काही मॉडेलमध्ये ती डिकीत असते आणि बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपीखाली जंपसाठी (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घ्यायला) टर्मिनल दिलेलं असतं. डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती आता उघडणार नाही. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी चावी असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडा.

जंप देताना लाल केबल लाल टर्मिनलला, काळी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. पोल उलटे लागले तर मोठा फ्यूज उडतो, कधी कधी डीसी कन्व्हर्टरही (मोठ्या बॅटरीच्या विजेवर छोटी भरणारा) जातो, आणि तो खर्च खरोखर रडवतो. ट्रकची २४ व्होल्ट लाइन अजिबात नको. ट्रॅक्टरची बॅटरी १२ ची असते, चालेल, पण ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवून.

‘रेडी’ आली की पुन्हा मोजा. साधारण १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. १२.५ वरच अडकलं तर डीसी कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज. तिथे हात लावू नका, शोरूम.

कपाशीवाला
निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. सगळं रीसेट होतं.

ऑटोइलेक्ट्रिक_धुळे
@कपाशीवाला, त्याने बॅटरी भरत नाही, गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड मात्र पुसले जाऊ शकतात. आधी स्टिअरिंगखालच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला स्कॅनर लावून कोडचे फोटो घ्या. १२ व्होल्ट उतरली की निरनिराळे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत आणि ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. तिला घाबरू नका. बॅटरी भरून कोड पुसा आणि परत वाचा. तेव्हाही पी०ए८० आला तर मोठ्या बॅटरीचा संशय, पी०एए६ आला तर उच्च दाबाची वीज कुठेतरी गाडीच्या बॉडीकडे गळतेय. मग नारिंगी केबलच्या जवळपासही जायचं नाही. त्यांत दीडशे व्होल्टच्या वर डीसी असतो. सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा) काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं जातात. ते काम हजार व्होल्टचे हातमोजे असलेल्या प्रशिक्षित माणसाचं.

यावल_केळी
गाडी शेतात किंवा जिनिंगजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडल्या का, तेही बघा. आणि मागच्या सीटपाशी मोठ्या बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, ती कापसाच्या तुसाने गच्च भरते. व्हॅक्यूमने ओढा, पाणी मारू नका.

सातपुडा_सवारी
पेट्रोल आहे ना? टाकी कोरडी असताना परत परत प्रयत्न केले तर मोठी बॅटरी खरंच उतरते आणि ती घरच्या चार्जरने भरत नाही. दिवे झगझगीत असून ‘रेडी’ येत नसेल तर चावीचा सेल. रिमोट बटणाला टेकवून धरा, मग ब्रेक आणि बटण.

तापीकाठ
मीटर लावला. बंद असताना ११.४, बटण दाबल्यावर ८.९. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला, ‘रेडी’ आली, आता १४.१ दाखवतोय. गाडी हलतेय. बॅटरी कोणती घेऊ?

ऑटोइलेक्ट्रिक_धुळे
मोठी बॅटरी शाबूत आहे. आता तासभर ‘रेडी’त, ‘पी’वर राहू द्या. ‘एन’मध्ये नको, त्यात मोठी भरत नाही, रेल्वे फाटकावरही हेच लक्षात ठेवा. एवढ्याने छोटी पूर्ण भरणार नाही, म्हणून रात्री ४-५ अँपिअरच्या चार्जरवर लावा. सकाळी १२.४ च्या खाली दिसली तर बदला. जुनीवरचा साईज कोड आणि पोलची बाजू लिहून न्या. बॅटरी डिकीत असेल तर सील्ड एजीएम (ॲसिड न सांडणारी) प्रकारचीच, गॅस बाहेर नेणारी नळी परत जोडून. वॉरंटीत आहे तर आधी शोरूमला विचारा, ११.४ आणि ८.९ चे फोटो दाखवा.