मदत हवी आहे: हार्वेस्टरच्या टर्बोवर कुटार साचतं, आग कशी टाळता?

उमरेडकडे गहू काढणी सुरू आहे, दुपारी पारा ४० च्या आसपास आणि वारा सुटला की कोरडं कुटार (गव्हाचा भुसा) थेट टर्बो न् मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर जातो त्या तापलेल्या भागांवर, जाऊन बसतं, काल तिथूनच धूर निघाला. रोज सकाळी थंड इंजिनवर कॉम्प्रेसरने हवा मारतो, बेअरिंगला ग्रीस आहे, डिझेल-ऑइलची गळती नाही, वायरिंग पाहिली, आग विझवायचा ६ किलोचा एबीसी सिलेंडर सोबत असतो. तरी दुपारपर्यंत तेवढंच साचतं. काम बंद ठेवणं जमत नाही, पुढचे शेतकरी थांबलेत. त्या भागांवर हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळावा म्हटलं तर मेकॅनिक म्हणतो त्यात तेल मुरलं तर तोच पेटेल, पटतं बुवा. मग पत्र्याचं शील्ड कोणी लावलंय का भाऊ, आणि दुपारी ब्लोअर मारायचा तर इंजिन आधी किती वेळ थंड होऊ द्यायचं, नाहीतर धुमसतं कुटार उडून गव्हातच पडायचं?