प्रति: दर वाढवा, बाकी नंतर बघू

वैमानिकांच्या पगार कराराच्या या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की मागण्यांत उड्डाणाच्या तासाचा दर पहिला, हमीचे तास (महिन्यात उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतातच) नंतर. मला उलट वाटतं. हिशोबापुरते आकडे घ्या: ५,००० रुपये दर, ७० तासांची हमी, म्हणजे विमान कमी उडालं तरी साडेतीन लाख नक्की. आता दर १० टक्क्यांनी वाढवून हमी ६० वर आणली, तर ५,५०० गुणिले ६०, म्हणजे ३.३ लाख. कागदावर वाढ, मंदीच्या महिन्यात घट!

दुसरं, पोझिशनिंग. पुढच्या ड्यूटीसाठी प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या शहरात पाठवलं तर तो वेळ डीजीसीएच्या (हवाई वाहतूक नियामकाच्या) नियमात ड्यूटीत धरतात, उड्डाणाच्या वेळेत नाही. पगार उड्डाणाच्या तासांवर असेल तर त्याचे पैसे करारात वेगळे लिहून घ्यावेच लागतात.

आणि ठाणे-नवी मुंबईकरांनो, आता विमानतळ दोन आहेत. करारात 'बेस: मुंबई' (बेस म्हणजे ड्यूटीचं मूळ ठिकाण) एवढंच असेल तर ड्यूटी सांताक्रूझहून सुरू होऊन उलव्याला, नवी मुंबई विमानतळावर, संपू शकते, आणि आपली गाडी सांताक्रूझलाच पार्किंगमध्ये. विमानतळाचं नाव लिहा. विमानतळ बदलला तर गाडी कंपनीची, आणि पुढची विश्रांती जादा प्रवासाच्या वेळाइतकी वाढवून घ्यायची. ठाण्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत राहणाऱ्याला १२ तासांची विश्रांती १२ तास मिळत नाही, हे सांगायला नको.

गणवेशावर एवढी पानं कशाला? शर्ट किती, किती महिन्यांनी बदलून मिळणार, कापड सुती मिश्रणाचं की नुसतं पॉलिस्टर, एवढं परिशिष्टात टाका. टोपीवरून संप होत नाही.