मदत हवी आहे: संकेतस्थळासाठी डोमेन नाव ठरत नाही

दादरची_शिवणकर
नमस्कार. आमच्या व्यवसायाचे संकेतस्थळ तयार होत आले आहे, पण डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, ठरत नसल्यामुळे सगळे काम अडले आहे. मला हवे असलेले नाव डॉट कॉममध्ये कोणीतरी आधीच घेऊन ठेवले आहे आणि ते उघडल्यावर केवळ ‘हे नाव विक्रीस आहे’ एवढेच दिसते. चौकशी केली तेव्हा त्यांनी दीड लाख रुपये सांगितले. डॉट इनमध्ये तेच नाव मिळत आहे. दीड लाख द्यावेत, डॉट इन घ्यावे, की नावच बदलावे? कृपया लवकर सांगावे, कारण पाडव्याच्या आधी पिशव्या छापून यायला हव्यात आणि छापखान्याला पत्ता द्यायचा आहे.

गिरगावकर
ताई, व्यवसाय कोणता, ग्राहक मुंबईतले की परदेशातले, आणि मुळात नाव कोणते, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढ्यावर कोणी काय सांगणार?

जुना_जालकर
होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याची जागा, घेताना सर्व्हर भारतातला घ्यावा आणि रोजचा बॅकअप मिळतो का, ते आधी विचारावे. बहुतेक जण तिथेच फसतात.

गिरगावकर
प्रश्न होस्टिंगचा नाही, नावाचा आहे.

दादरची_शिवणकर
क्षमस्व, घाईत राहून गेले. आम्ही शिवलेल्या नऊवारी साड्या करतो. लहान मुलींपासून आजींपर्यंत मापाप्रमाणे शिवून देतो आणि आतापर्यंतच्या सगळ्या ऑर्डर फोनवर व व्हॉट्सॲपवर येतात. ग्राहक मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे इथले आहेत. नावात ‘नऊवारी’ हा शब्द हवाच आहे. पूर्ण नाव इथे लिहीत नाही, कारण तेही कोणी घेऊन टाकेल अशी भीती वाटते.

परळचा_संगणकवाला
नाव जाहीर न करण्याचा निर्णय योग्य आहे. नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही सांगू नये. पण दीड लाख देण्याआधी एक विचार करावा. ‘नऊवारी’ हा शब्द रोमन लिपीत लोक किती प्रकारांनी लिहितात? ‘नऊ’साठी कोणी ए-यू लिहितो, कोणी ए-व्ही, तर कोणी सरळ ९ हा अंक, ‘वा’साठी व्ही किंवा डब्ल्यू, आणि शेवटी आय किंवा दोन ई. एवढाच हिशेब केला तरी १२ रूपे होतात. तुमच्याकडे फोन उचलणाऱ्या बाईंनी मागे शिलाईयंत्रांचा आवाज चालू असताना ‘एन फॉर नागपूर, ए, यू, व्ही फॉर वसई’ असे प्रत्येक ग्राहकाला सांगत बसायचे का? त्या १२ पैकी एका रूपासाठी दीड लाख मोजणे मला पटत नाही.

मायबोलीचा_आग्रही
म्हणूनच मी प्रत्येक वेळी सांगतो की डॉट भारत घ्यावे. २०१४पासून देवनागरीत डोमेन नाव मिळते आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. ‘नऊवारी’ देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते, त्यामुळे वर मांडलेली अडचण मुळातच उरत नाही. मराठी वस्त्र, मराठी ग्राहक, आणि पत्ता मात्र रोमन, हे का म्हणून?

परळचा_संगणकवाला
आपल्या आग्रहाबद्दल आदर आहे, पण व्यवहारातली अडचण खरी आहे. देवनागरी नाव यंत्रासाठी एक्स-एन आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलले जाते, आणि दुवा कॉपी करून पाठवला की काही ठिकाणी ग्राहकाला तीच निरर्थक अक्षरे दिसतात. अनोळखी दुव्यांना लोक आधीच घाबरतात. त्या नावावरचा ईमेल पत्ता अनेक संकेतस्थळांचे अर्ज स्वीकारत नाहीत, हे वेगळेच.

मायबोलीचा_आग्रही
कोणी वापरलेच नाही तर अडचणी दूर कशा होणार? निदान दुसरे नाव म्हणून तरी घ्यावे आणि पिशवीवर तेच मोठ्या अक्षरांत छापावे.

कायदा_आणि_कागद
दीड लाख मागणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येईल का, असा विचार ताईंच्या मनात आला असेल, म्हणून लिहितो. डॉट कॉमसाठीच्या तंटा-निवारण पद्धतीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या व्यापारचिन्हाशी (ट्रेडमार्कशी) मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले व वापरले आहे. ‘नऊवारी’ हे मालाचेच वर्णन असल्यामुळे त्यावर तुमचा एकटीचा हक्क दाखवणे फार कठीण जाईल. याउलट स्वतःचे वेगळे नाव असेल तर कायदा पाठीशी उभा राहतो. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या भारतीय संकेतस्थळाच्या बाजूने, एका अक्षराचा फरक करून घेतलेल्या ‘रॅडिफ’ या नावाविरुद्ध मनाई दिली होती, आणि डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असे म्हटले होते. २००४मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली. नाव पक्के करण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग २५मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, शोध अवश्य घ्यावा. तो विनामूल्य आहे.

गिरगावकर
दुकानाच्या पाटीवर काय नाव आहे? जुने ग्राहक त्याच नावाने ओळखत असतील तर नवे शोधायचेच कशाला?

दादरची_शिवणकर
पाटीवर सासूबाईंचे नाव आहे. छोटे, तीन अक्षरी, आणि त्याचे स्पेलिंग सगळे जण एकच करतात. नुसते ते नाव मिळत नाही, पण त्यापुढे ‘साडी’ जोडले तर डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही रिकामे दिसत आहेत. ‘नऊवारी’ नसेल तर गूगलवर शोधणाऱ्यांना आम्ही सापडू का, एवढीच शंका आहे. संकेतस्थळ करून देणारा मुलगा म्हणतो की तो आजच त्याच्या खात्यातून नाव घेऊन टाकेल.

परळचा_संगणकवाला
कृपया त्याला तसे करू देऊ नका. डोमेन नाव विकत मिळत नसते. ते लिव्ह अँड लायसन्सच्या घरासारखे मुदतीवर मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी, आणि ज्याच्या नावावर करार त्याचाच ताबा. आमच्या भागातल्या एका मिठाईवाल्याचे नाव डिझायनरच्या ईमेलवर नोंदवलेले होते. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली, त्याने पाहिली नाही, आणि ऐन गणपतीत संकेतस्थळ बंद पडले. मुदत संपल्यावर डॉट कॉमचे नाव सोडवून घेण्यासाठी ३० दिवसांचा एक अखेरचा टप्पा असतो, पण त्याचे शुल्क नेहमीच्या कितीतरी पट असते. म्हणून खाते तुमचे, ईमेल तुमचा, मोबाइल क्रमांक तुमचा असावा, आणि त्या मुलाला फक्त सेटिंग बदलण्यापुरती परवानगी द्यावी. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारून घ्या.

शोधाचे म्हणाल तर ‘नऊवारी’ हा शब्द पानाच्या शीर्षकात, मजकुरात आणि छायाचित्रांच्या वर्णनात असला की पुरे; तो पत्त्यातच असण्याची गरज नाही.

कायदा_आणि_कागद
पूर्ण सहमत. नोंदणी जीएसटी प्रमाणपत्रावर जे नाव आहे त्याच नावाने करावी, म्हणजे पुढे मालकीचा प्रश्न उपस्थित झाला तर कागद जुळतील.

दादरची_शिवणकर
सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंच्या नावाचे डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही आताच माझ्या खात्यातून घेतले. पिशवीवर कोणते छापू? आणि ‘साडी’च्या स्पेलिंगमध्ये डी घ्यावा की आर, यावर घरात दोन तट पडले आहेत. मी सध्या डबल ई आणि आर घेतला आहे.

गिरगावकर
पिशवीवर डॉट इन छापा, ग्राहक इथलेच आहेत. डॉट कॉम उघडले की आपोआप डॉट इनवर जाईल अशी सोय करून घ्या.

परळचा_संगणकवाला
दुकानांच्या पाट्यांवर आर असलेलेच रूप जास्त दिसते, त्यामुळे तेच मुख्य ठेवा. डी असलेले रूपही डॉट इनमध्ये घेऊन ठेवा आणि तेही मुख्य पत्त्याकडेच वळवा. छापखान्याला पत्ता फोनवर सांगू नका. लिहून पाठवा आणि प्रूफ आल्यावर एकेक अक्षर ताडून पाहा.