शब्दचर्चा: किल्ला कुणाचं ‘स्मारक’?

प्रश्न: गडाच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते, ‘संरक्षित स्मारक’. स्मारक म्हणजे कुणाच्या तरी स्मरणार्थ उभारलेलं ना? गड तर लढण्यासाठी बांधलेला.

उत्तर १: हा कायद्यातला अर्थ. १९५८च्या अधिनियमाने लेणी, शिलालेख, जुन्या इमारती सगळ्यांना सरसकट ‘प्राचीन स्मारक’ करून टाकलंय. मॉन्युमेंट आणि मेमोरियल दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो, तिथे घोळ आहे. मला विचाराल तर ‘वास्तू’ पुरे होता. जुनी मराठी याबाबतीत चोख: समाधी, छत्री, वृंदावन, सतीशिळा, वीरगळ. (यातला ‘गळ’ मासे धरायचा नव्हे, कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड.) वीरगळावर खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुधा नसतंच. म्हणून कितीतरी गावांत त्याला शेंदूर लागला आणि त्याचा देव झाला.

उत्तर २: ‘स्तंभ’ राहिला की! कोरेगाव भीमाचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर स्वतःच्या फौजेसाठी उभारला. त्यावरच्या मृतांच्या यादीत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि पुढे तो खांब कंपनीचा उरलाच नाही. आज लाखो लोक ‘मानवंदना’ द्यायला येतात ते त्या नावांना. ‘विजयस्तंभ’ या शब्दात विजय कुणाचा ते कुठे सांगितलंय? ती जागा मोकळी होती, लोकांनी भरली.

उत्तर ३: मुंबईचा काळा घोडा विसरलात. वर बसलेला सातवा एडवर्ड, पण लोकांनी त्याला कधी मोजलंच नाही, नाव पडलं घोड्याचं. १९६५मध्ये पुतळा तिथून हलला, आता राणीच्या बागेत आहे. चौक काळा घोडाच राहिला. २०१७मध्ये तिथे नवा घोडा बसवला तोही बिनस्वाराचा!

प्रश्नकर्ता: मग पाटीवर ‘संरक्षित वास्तू’ लिहायला हवं तर.

उत्तर ३: गडाला चालेल. लेणं मात्र बांधत नाहीत, कोरतात. आणि शिलालेखाला वास्तू कसं म्हणणार?

उत्तर १: हं. ‘पुरावशेष’?

उत्तर ३: नांदत्या देवळाला अवशेष म्हणून बघा, पुजारी पाटीच उखडेल.