घर आणि छोट्या शेडसाठी गॅस टॉर्च कोणता घ्यावा? (नाशिक)

शेडवाला_सिडको:
नमस्कार मंडळी. सिडकोत घर आहे, मागे पत्र्याची छोटी शेड आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी लोखंड, लाकूड, पितळ असं काहीबाही चालू असतं. आता एक गॅस टॉर्च घ्यायचाय. कामं म्हणजे गंजून बसलेले नट सोडवणे, तांब्याच्या पाइपला जोड देणे (अर्धा इंचापर्यंत, एसीचा पण आहे), पटाशी-छिन्नीला पाणी देणे (तापवून, बुडवून कडक करणे), आणि आईकडची तांब्यापितळेची बरीच भांडी पडून आहेत त्यांना कल्हई करायचीय, आमच्याकडे कल्हईवाला हल्ली फिरकतच नाही. ऑनलाइन बघितलं तर कार्ट्रिजवर (गॅसच्या छोट्या डबीवर) बसणारे छोटे टॉर्च आहेत, जवळपास सगळ्यांवर १३०० अंश लिहिलंय, मग महाग-स्वस्तात फरक काय तेच कळेना. भाचा डिसेंबरात अमेरिकेतून येतोय, तो म्हणतो बर्न्झोमॅटिकचा टीएस ८००० आणतो मामा, इकडे सगळे तोच वापरतात. आणि घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आहेच, त्यालाच पाइप लावून मोठा टॉर्च चालेल का? बजेट चारेक हजार, थोडं वर गेलं तरी चालेल.

सातपूर_फिटर:
दादा, आधी ते १३०० अंश डोक्यातून काढा. एलपीजीतला प्रोपेन काय, ब्युटेन काय, हवेत नीट जळालं तर ज्योतीचं तापमान कागदावर १९०० च्या वरच येतं आणि दोघांत फरक अगदी किरकोळ. बघायचं ते हे की टॉर्च तासाला किती गॅस जाळतो. निरांजनाची ज्योत पण हात भाजते, पण म्हणून काही तिच्यावर भाकरी होत नाही. कार्ट्रिजवाला टॉर्च तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस खातो, एक किलो एलपीजीत १२.८ युनिटच्या आसपास उष्णता असते, म्हणजे झाले जेमतेम २ किलोवॅट. बारीक सोल्डरिंगला, पाव इंची पाइपला, छोट्या नटाला ठीक आहे. पण तांबं आणि पितळ उष्णता इतक्या पटकन पळवतं की मोठ्या पातेल्याला तुम्ही एका बाजूने तापवत बसाल आणि दुसरी बाजू हाताला लागेल इतकीच गरम राहील, मग माणूस वैतागून ज्योत एकाच जागी धरतो आणि तिथे काम बिघडतं.

घरच्या सिलिंडरचं म्हणाल तर नको. एक तर घरगुती सिलिंडर स्वयंपाक सोडून दुसऱ्या कामाला वापरणं २००० च्या एलपीजी नियमन आदेशात बसत नाही. दुसरं म्हणजे घरचा रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाब देतो, शेगडीला तेवढाच लागतो. टॉर्चला लागतो अर्धा ते २ बार (१ बार म्हणजे १००० मिलिबार). तेवढ्याशा दाबावर टॉर्चमध्ये हवा ओढलीच जात नाही, पिवळी लुळी ज्योत येते आणि सगळीकडे काजळी धरते. मग लोक काय करतात, रेग्युलेटर काढून काहीतरी जुगाड ठोकतात, आणि तो सिलिंडर रात्री परत स्वयंपाकघरात जातो. हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून कळकळीने सांगतो, करू नका.

माझ्या मते तुमच्या कामांना ५ किलोचा फ्री ट्रेड एलपीजी सिलिंडर (इंडेनचा छोटू म्हणतात तो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो), त्यावर हाय प्रेशर ॲडजस्टेबल रेग्युलेटर, वायर ब्रेडिंगचा हाय प्रेशर एलपीजी होज (नळी) आणि हँडलवर नॉब असलेला पाइपवाला टॉर्च. नोझल बदलता येणारा बघा, एक बारीक एक मध्यम. ऑटो इग्निशनच्या बटणावर जास्त पैसे घालू नका, ते पहिलं बिघडतं, गॅस लायटर पुरतो.

गारवा_सर्व्हिस:
एसी पाइपचं सांगतो कारण माझं रोजचं काम तेच. अर्धा इंचापर्यंत तांब्याला तांबं जोडायचं तर असा टॉर्च पुरतो, त्यापुढे ऑक्सिजन लागतो. कॉपर-फॉस्फरस रॉड घ्या, ७१० अंशाला वितळायला लागतो आणि तांब्याला तांबं जोडताना फ्लक्स (जोडाची जागा स्वच्छ ठेवणारी पेस्ट) लागत नाही. तांब्याला पितळ असेल तर फ्लक्स पाहिजेच. लोखंडाला तो रॉड अजिबात वापरू नका, जोड ठिसूळ होऊन नंतर तडकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एसीच्या लाइनमध्ये थंडाव्याचा गॅस असताना ज्योत लावायची नाही. नवीन एसीत आर-३२ असतो तो पेट घेतो, काहींत आर-२९० असतो, तो तर प्रोपेनच आहे, आणि जुना आर-२२ ज्योतीत गेला तर विषारी धूर होतो. गॅस आमच्यासारख्याकडून रीतसर काढून घ्या. जोड देताना आतून नायट्रोजन हळू सोडायला लागतो, नाहीतर पाइपमध्ये काळी खपली धरते आणि ती पुढे कॉम्प्रेसरकडे जाते. खरं सांगू, एसीचं सोडून द्या, बाकी पाण्याची लाइन खुशाल करा. फक्त पाइपात पाणी साचलेलं राहू देऊ नका, थोडं जरी पाणी आत असलं तरी जोड तापतच नाही.

शेडवाला_सिडको:
खूप खूप धन्यवाद दोघांना. एसीचं सोडलं. पण मग भाच्याला काय सांगू? आणि कार्ट्रिजवाला छोटा स्वस्तात मिळतोय तर किरकोळ कामाला तो पण घेऊन ठेवू का

निफाडकर_बागायतदार:
छोटा मी वापरतो, ठिबकची नळी गरम करून जोडायला आणि मशीनचे नट सोडवायला. चांगला आहे पण आमच्याकडे थंडीत पहाटे पारा ५-६ वर येतो, कधी त्याच्याही खाली, तेव्हा तो सुस्तावतो. कारण बऱ्याच कार्ट्रिजमध्ये नुसता ब्युटेन असतो, तो शून्याच्या आसपासच वाफ व्हायचा थांबतो, आणि टॉर्च चालू असताना डबी स्वतःच अजून गार पडते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ देतो. म्हणून डबीवर प्रोपेन मिक्स लिहिलेलं असेल ती घ्या. डबी शेकोटीजवळ गरम करायची नाही हे सांगायला नकोच, तरी सांगतो. अजून एक, छोटा टॉर्च पेटवल्या पेटवल्या उलटा धरला तर पातळ गॅस सरळ बाहेर येतो आणि हातभर पिवळा भडका होतो. एखादं मिनिट सरळ धरून गरम होऊ द्यायचा.

नटाला ज्योत नटावरच, बोल्टवर नाही. नट फुगला की पकड सुटते. शेजारी बेअरिंग, ऑइल सील, रबर असेल तर ओलं फडकं गुंडाळा.

सातपूर_फिटर:
भाच्याचा टॉर्च फार चांगला आहे, त्यात वाद नाही. पण तो १ इंची आट्याच्या ४०० ग्रॅमच्या सिलिंडरवर बसतो, निळा प्रोपेनचा आणि पिवळा मॅप-प्रोचा. तो सिलिंडर विमानात नेऊच देत नाहीत, आणि इथे आपल्याकडे जी २२०-२३० ग्रॅमची डबी मिळते तिची खाच वेगळी, ती त्याला बसत नाही. इथे मागवलेला १ इंची सिलिंडर मिळाला तरी इतका महाग पडतो की महिन्याभरात टॉर्च कपाटात जाईल. आणि त्या पिवळ्यात जुना मॅप गॅस नसतो, तो अमेरिकेत २००८ मध्येच बनायचा बंद झाला, आता बहुतेक प्रोपिलीन असतो. भाच्याला सांगा त्यापेक्षा चांगला सिल्व्हर सोल्डर (चांदी मिसळलेला जोडाचा धातू) आण, कॅडमियम हा विषारी धातू नसलेला बघून.

गोदाकाठची_ताई:
कल्हईसाठी लिहिते. माहेरी तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, तांबट लेनमधले कारागीर लहानपणापासून बघितलेत. कल्हईला टोकदार जोरदार ज्योत नको, पसरट मऊ ज्योत हवी आणि हात सतत फिरता. कथील २३२ अंशालाच वितळतं, म्हणजे इथे तापमानाचा प्रश्नच नाही, सगळं भांडं एकसारखं तापलं पाहिजे एवढंच. आधी भांडं आतून इतकं स्वच्छ करायचं की पाणी सरळ पसरेल. मग बाहेरून तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी टेकवायची, वितळलं की कापसाच्या बोळ्याने झटपट फिरवायचं. कथील पिवळसर पडायला लागलं की जास्त तापलंय, ज्योत लगेच बाजूला. नवसागराचा पांढरा धूर घशाला लागतो म्हणून अंगणातच करा, शेडमध्ये नको.

दोन गोष्टी मात्र मनावर घ्या. शुद्ध कथीलच आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली सोल्डरची तार चालत नाही, तिच्यात शिसं असतं आणि या भांड्यात आपण आमटी करणार. आणि जुन्या भांड्यांच्या कड्यांना, बुडाला बऱ्याचदा डाग (वितळलेल्या धातूचा जोड) दिलेला असतो तो कथिलाइतक्याच तापमानाला सुटतो, आधी उलटंपालटं करून बघा, नाहीतर कल्हई होईल आणि कडी हातात येईल. सुरुवात छोट्या वाटीपासून करा, आजीच्या हंड्यापासून नको.

शेडवाला_सिडको:
ताई, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं, कड्यांचा डाग आजच बघतो. मग ५ किलोवाला पाइपचा टॉर्च नक्की. छोटा पुढे बघू. पटाशीचं राहिलं, आणि शेडमध्ये सिलिंडर कुठे ठेवू?

सातपूर_फिटर:
पटाशी लाल-नारिंगी होऊन लोहचुंबक धरेनासा झाला (७७० च्या आसपास) की थोडं अजून तापवून तेलात बुडवा, मग घासून चकचकीत करून हलकं तापवा, गवती पिवळा रंग आला की थांबा. उघड्यावर टॉर्चची निम्मी उष्णता हवेत जाते, म्हणून हलक्या पांढऱ्या इन्सुलेटिंग विटा आणा, तीन बाजूंनी खोपा करा, छोट्या ज्योतीत पण काम होतं. शहाबादीवर किंवा कोब्यावर थेट तापवू नका, आतल्या ओलीने ती टचकन उडते, डोळे सांभाळा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप कधी तापवला तर जस्ताचा पांढरा धूर येतो, तो ओढला की रात्री थंडीताप भरतो.

सिलिंडर उभाच ठेवायचा, कामापासून होजच्या लांबीएवढा दूर. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून शेडच्या पत्र्याला खाली फट असू द्या, नुसती वरची खिडकी कामाची नाही. प्रत्येक वेळी जोडांना साबणाचं पाणी लावून बघा, काडी लावून नाही. काम संपलं की आधी सिलिंडर बंद, होजमधला गॅस जळू द्या, मग टॉर्चचा नॉब. वास आलाच तर एलपीजी गळतीचा हेल्पलाइन नंबर १९०६ चोवीस तास चालू असतो. सलग मोठं काम केलं तर ५ किलोच्या बाहेर दव धरेल आणि ज्योत मंदावेल, घाबरू नका, गॅस संपलेला नसतो, छोट्या सिलिंडरातून तेवढी वाफ निघत नाही. थोडं थांबून परत चालू करा, किंवा बारीक नोझल लावा. रेग्युलेटर-होज अंबड नाहीतर सातपूरला वेल्डिंगचं सामान मिळतं तिथूनच घ्या आणि दुकानातच आटे जुळवून बघा, टेप गुंडाळून बसवलेला जोड घरी आणू नका.