जुन्या गाडीत नवीन एसी कॉम्प्रेसर टाकावा का कबाडीतला? (नागपूरवाले बोला)

वर्धारोडवाला:
गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली म्हणजे २०२९ पर्यंत चालवायचीच आहे. एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून लाइनमध्ये फिरवणारा पंप) जाम झालाय. एका गॅरेजवाल्याने सांगितलं फक्त कॉम्प्रेसर बदलू, गॅस भरू, काम झालं. दुसरा म्हणते कॉम्प्रेसर, कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी समोरची जाळी), ड्रायर (लाइनमधली ओल शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) सगळं बदला, ३२ हजार. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. कॉम्प्रेसर आतून घासून मेला की धातूचा कीस तेलासोबत पूर्ण लाइनमध्ये फिरते, आणि आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक की फ्लश मारून (आतून धुऊन) तो कीस पूर्ण निघतच नाही. तोच कीस नवीन कॉम्प्रेसर खाणार. अर्धं काम करून पैसे वाया घालवू नये.

भाऊ_इतवारी:
मी पूर्ण विरोधात आहे. गाडी विकायला काढली तर किती येणार? तिच्यात ३२ हजार टाकून राहिले तुम्ही! कबाडीत ठोकलेल्या गाडीचा चांगला कॉम्प्रेसर पाच-सहा हजारात भेटते. फक्त पाहून घ्यावा लागते, पाइपच्या तोंडांना बूच आहे का, हाताने फिरवला तर एकसारखा फिरते का, तेल ओतून पाहा, काळं किंवा चंदेरी निघालं तर तिथेच सोडून द्या. माणसं वर्षानुवर्षं असेच बसवून राहिली आहेत.

वर्धारोडवाला:
भाऊ, उघडा पडलेला कॉम्प्रेसर असेल तर शाफ्टचं सील वाळलेलं राहते. बसवला त्या दिवशी थंड, नंतर गॅस लीक. गॅससोबतच तेल फिरते, गॅस कमी झाला की तेलही नीट परत येत नाही आणि कॉम्प्रेसर पुन्हा कोरडा चालून मरते. मजुरी दोनदा गेली, गॅस दोनदा गेला, स्वस्त कुठे पडलं?

मानकापूर_मेकॅनिकल:
तुम्ही दोघं कॉम्प्रेसरवर भांडून राहिले पण तो मेला कायले हे कोणी विचारलं नाही. नागपूरचं ऊन लक्षात घ्या, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ डिग्री होतं. अशा गरमीत कंडेन्सरचा फॅन हळू फिरला किंवा जाळीत धूळ-कचरा बसला तर प्रेशर वर जाते आणि सगळा मार कॉम्प्रेसरवर येते. फॅन न तपासता नवीन टाका का जुना, दोन्ही जाणार. आणि खरंच जाम आहे का? बरेचदा फक्त क्लचची (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या भागाची) बेअरिंग किंवा कॉइल गेलेली असते, ती वेगळी बदलता येते, गॅस काढायचीही गरज नाही. बेल्ट काढून पुली आणि पुढची प्लेट (ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टला जोडलेली असते) वेगवेगळी फिरवून पाहा.

वर्धारोडवाला:
पाहिलं. पुली मोकळी फिरते, प्लेट हलतच नाही. आतूनच गेला.

सदरची_ताई:
मला किमतीचा हिशोबच पटत नाही. गाडी विकून किती येतात यावर एसीचा खर्च का मोजायचा? माझी आई हार्ट पेशंट आहे, मे महिन्यात दुपारी तिला दवाखान्यात न्यायचं तर एसी लागतोच, त्यात गाडी किती जुनी आहे याचा काय संबंध! नवीन गाडीचा हप्ता महिन्याला किती जातो ते बघा आधी. मी तर पूर्ण कामच करून घेईन.

भाऊ_इतवारी:
ताई, आईचं एकदम बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण ज्याच्याजवळ ३२ हजार नाहीत त्याने काय उन्हाळाभर काचा खाली करून फिरायचं? कंडेन्सर आणि ड्रायर नवीन टाका हे मी मानतो, ड्रायर तर लाइन उघडली की बदलायलाच पाहिजे, हवेतली ओल ओढून बसते तो. कॉम्प्रेसर मात्र जुनाच, माझं मत तेच.

मानकापूर_मेकॅनिकल:
जुना बसवा का नवीन, गॅस भरायच्या आधी नायट्रोजनने लीक टेस्ट आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने लाइनमधली हवा आणि ओल ओढून काढणं), स्वतः उभं राहून करून घ्या. पाच मिनिटं पंप लावून "झालं साहेब" म्हणणारे खूप आहेत, ओल आत राहिली की गॅस-तेलासोबत ॲसिड बनते. आर १३४ ए गॅस वजनावर भरायचा, बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिले असतात, अंदाजाने नाही. आणि तेल कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या ग्रेडचंच. नवीन कॉम्प्रेसरमध्ये बरेचदा तेल आधीच भरलेलं येते, वरून अजून ओतलं तर कूलिंग कमी होते, म्हणून आधी मोजायला लावा.